पुळणीवरचा खेळ आणि त्याचे कुंपण

कॅलिफोर्नियात मॉन्टेरे द्वीपकल्पाच्या काठाने ‘सेव्हन्टीन माइल ड्राइव्ह’ नावाचा रस्ता जातो. रस्ता खासगी मालकीचा आहे. गाडी घेऊन आत जायचे तर नाक्यावर पैसे भरावे लागतात. सायकलवाला आणि पायी चालणारा मात्र फुकट जातो. एका बाजूला पॅसिफिक महासागर, दुसऱ्या बाजूला पाइनचे जंगल. मध्येच एका ठिकाणी रस्त्याला लागून झुडपांचे दाट कुंपण दिसते. त्याच्या मागे सायप्रस पॉइंट क्लबच्या मैदानाची सुरुवात होते. खेळाडूने मारलेला पहिलाच चेंडू हे कुंपण आणि हा रस्ता, दोन्ही ओलांडून पलीकडच्या हिरवळीवर जातो. खालून जाणाऱ्या प्रवाशाला याची बहुधा कल्पनाही नसते.

या क्लबाचे सभासद सुमारे अडीचशे. अर्ज करून येथे प्रवेश मिळत नाही. बोलावणे यावे लागते. विनोदी नट बॉब होप म्हणत असे, की क्लबाने एका वर्षी सभासदांसाठी जोरदार मोहीम काढली आणि चाळीस जणांना हाकलून दिले. मैदान १९२८ साली खुले झाले. गोल्फच्या जाणकारांना जगातील उत्तम मैदानांची यादी करायला सांगितली, तर त्या यादीत ते जवळजवळ नेहमीच अगदी वरच्या क्रमांकांत असते. म्हणजे ज्यांनी ते वाखाणायचे, त्यांतील बहुतेकांनी तेथे कधी पाऊल ठेवलेले नसते.

गोल्फ हा श्रीमंतांचा खेळ, त्यात नवल ते काय, असे कोणी म्हणेल. पण हा खेळ ज्या जमिनीवर जन्मला ती जमीन मुळात कोणाच्याच कामाची नव्हती, म्हणून सगळ्यांची होती. ती एका ठिकाणी सगळ्यांची राहिली आणि दुसऱ्या ठिकाणी अडीचशे जणांची झाली. हे कसे घडले ते सायप्रस पॉइंटच्या निमित्ताने पाहता येते.

समुद्र आणि शेतजमीन यांच्यामध्ये वाळूच्या उंचसखल टेकड्यांचा जो पट्टा असतो त्याला स्कॉटलंडमध्ये ‘लिंक्स’ म्हणतात. आपल्या कोकणातला ‘पुळण’ हा शब्द त्याच्या बराच जवळ जातो. मात्र लिंक्सवर आखूड, चिवट गवत उगवते, आणि आपली पुळण बहुधा उघडीच असते. या जमिनीत धान्य पिकत नाही. मेंढ्या चरतात, ससे बिळे करतात, कोळी जाळी वाळत घालतात. याच गवतावर स्कॉटिश लोक चेंडू काठीने मारत बिळासारख्या खड्ड्यात घालायला शिकले. १४५७ मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने फुटबॉलबरोबर गोल्फवरही बंदी घातली, कारण माणसे धनुर्विद्येचा सराव सोडून खेळत बसत होती. बंदी घालावी लागते याचा अर्थ खेळ मूठभरांचा उरला नव्हता.

या पट्ट्यावरचे सर्वांत प्रसिद्ध गाव म्हणजे सेंट अँड्र्यूज. १५५२ मध्ये तेथील आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांच्या सनदेने गावकऱ्यांचा लिंक्सवरचा हक्क मान्य केला: तेथे त्यांनी गोल्फ खेळावा, फुटबॉल खेळावा, आर्चबिशपने ससे पाळावेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस नगरपालिकेचे दिवाळे वाजले आणि १७९७ मध्ये ही सामाईक जमीन तिच्या हातून गेली. पुढे ती सशांचा व्यापार करणाऱ्यांकडे आली. ससे वाढले, मैदानभर बिळे झाली. गोल्फवाले आणि ससेवाले यांच्यात मारामाऱ्या झाल्या, खटले चालले, प्रकरण थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पोचले. १८२१ मध्ये जेम्स चीप या जमीनदाराने, जो स्वतः गोल्फ खेळत असे, ती जमीन विकत घेऊन सशांचा प्रश्न मिटवला. १८९४ मध्ये संसदेच्या कायद्याने ती पुन्हा गावाच्या मालकीची झाली आणि १९७४ पासून कायद्यानेच नेमलेला एक न्यास तिची व्यवस्था पाहतो. आजही तेथील ‘ओल्ड कोर्स’ एरवी रविवारी खेळासाठी बंद असतो. लोक कुत्री घेऊन फिरायला येतात. पहिल्या आणि अठराव्या होलच्या मधून गावाचा एक रस्ता आडवा जातो. कोणी माणूस समुद्राकडे निघाला असेल तर जगज्जेता खेळाडूसुद्धा तो पार होईपर्यंत काठी खाली धरून थांबतो.

आता मॉन्टेरेकडे येऊ. हे गाव स्पॅनिश आणि नंतर मेक्सिकन अमदानीत कॅलिफोर्नियाची राजधानी होते. त्याआधी हा किनारा रमसेन भाषा बोलणाऱ्या ओहलोनी लोकांचा. १७७१ मध्ये कार्मेल नदीकाठी स्पॅनिश मिशन आले आणि त्यांचे जग मोडले. मेक्सिकन राजवटीत गावाभोवतीची हजारो एकर जमीन ‘पुएब्लो’ची, म्हणजे गावकीची, मानली जाई. १८४८ मध्ये कॅलिफोर्निया अमेरिकेकडे आल्यावर ही मालकी नव्या सरकारपुढे कागदोपत्री सिद्ध करणे भाग पडले. गावाने डेलोस अॅशली नावाचा वकील नेमला. त्याने दावा जिंकला. पण त्याची फी द्यायला गावाकडे पैसे नव्हते. म्हणून १८५९ मध्ये जमिनीचा लिलाव पुकारण्यात आला. बोली लावली ती खुद्द अॅशलीने आणि डेव्हिड जॅक्स नावाच्या व्यापाऱ्याने मिळून. सुमारे ३०,००० एकर जमीन १,००२ डॉलर ५० सेंटला गेली. लवकरच जॅक्स एकटा मालक झाला. शेजारचे ‘एल पेस्काडेरो’ हे रांचोही पुढे त्याच्याकडे आले. सायप्रस पॉइंटचे टोक त्या रांचोच्या हद्दीतले. गावाने लिलाव रद्द व्हावा म्हणून भांडून पाहिले. १९०६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गाव हरले.

हा जॅक्स जन्माने स्कॉटिश. ‘मॉन्टेरे जॅक’ नावाचे चीज ज्यांनी खाल्ले आहे त्यांनी त्याचे नाव नकळत घेतलेले आहे.

दोन गावे, दोन दिवाळखोऱ्या आणि किनाऱ्याची सामाईक जमीन हातची जाणे, इथपर्यंत सेंट अँड्र्यूज आणि मॉन्टेरे यांची गोष्ट एकच आहे. फरक पुढे पडला. एका गावाला जमीन परत मिळवून देणारी संसद भेटली, दुसऱ्याला भेटली नाही. याला केवळ नशीब म्हणणे मला पटत नाही. सेंट अँड्र्यूजच्या लोकांकडे साडेतीनशे वर्षे जुनी सनद होती, आणि तिच्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या जमिनीवर रोज जायची सवय होती. मॉन्टेरेचे जुने रहिवासी स्पॅनिश बोलणारे; नव्या कायद्याची भाषाच त्यांना परकी होती.

हा बदल घडत असताना एका स्कॉटिश लेखकाने तो पाहिला. १८७९ च्या शरद ऋतूत रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन मॉन्टेरेत राहिला होता. आजारी, कफल्लक आणि प्रेमात पडलेला. पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘द ओल्ड पॅसिफिक कॅपिटल’ या निबंधात त्याने तेथील लाटांच्या आवाजाचे, धुक्याचे, वाऱ्याने पिळवटलेल्या सायप्रसच्या झाडांचे वर्णन केले आहे. आपल्याच देशबांधवाच्या हाती गावाची जमीन कशी एकवटली हेही लिहिले आहे, आणि हे गरीब, मानी गाव येणाऱ्या लक्षाधीशांपुढे टिकणार नाही असे भाकीत केले आहे. (याच वास्तव्यात, वणवा झाडावरच्या शेवाळामुळे इतका भराभर पसरतो का हे पाहण्यासाठी त्याने एका झाडाला काडी लावली. झाड भडकले आणि लेखक जीव घेऊन पळाला. हेही त्याने प्रांजळपणे लिहून ठेवले आहे.)

भाकीत खरे व्हायला वेळ लागला नाही. १८८० मध्ये रेल्वेच्या मालकांच्या ‘पॅसिफिक इम्प्रूव्हमेंट कंपनी’ने जॅक्सकडून किनाऱ्याची जमीन घेतली, ‘हॉटेल देल मॉन्टे’ बांधले आणि पुढच्याच वर्षी पाहुण्यांना घोडागाडीतून फिरवण्यासाठी सतरा मैलांचा तो रस्ता तयार केला. हा रस्ता तेव्हा चिनी कोळ्यांच्या वस्तीवरून जाई. आज जेथे पेबल बीचचा बीच क्लब आहे त्या स्टिलवॉटर कोव्हमध्ये ती वस्ती होती. याहून मोठी वस्ती पॅसिफिक ग्रोव्ह गावाजवळ पॉइंट अलोनीज येथे. दिवसा इतर कोळी त्रास देत म्हणून चिनी लोक रात्री दिव्यांच्या उजेडात माकुले पकडत आणि ती जमिनीवर पसरून वाळवत. सुकटीचा वास आपल्याला नवा नाही. हवापालटासाठी आलेल्या पाहुण्यांना मात्र तो सोसेना, आणि तक्रारी वाढल्या. कंपनीने वस्ती हलवायचे ठरवले. लोक हलेनात. १६ मे १९०६ रोजी पॉइंट अलोनीजला आग लागून बहुतेक घरे जळाली. रहिवाशांना तेथे पुन्हा घरे बांधायची होती. कंपनीने बांधू दिली नाहीत. स्टिलवॉटर कोव्हची वस्तीही पुढच्या काही वर्षांत उठली. सायप्रस पॉइंटच्या आसपासचा किनारा ‘निर्मनुष्य’ आणि ‘अस्पर्श’ असल्याचे गोल्फच्या पुस्तकांत वारंवार वाचायला मिळते. तो तसा झाला, तो असा.

१९१९ मध्ये सॅम्युएल मोर्स या तरुण व्यवस्थापकाने कंपनीची मॉन्टेरेची मालमत्ता विकत घेतली. (तारायंत्राचा शोध लावणाऱ्या मोर्सच्याच घराण्यातला.) किनारा छोट्या भूखंडांत तोडून विकण्यापेक्षा तो मोकळा ठेवून मागची जमीन महाग विकण्यात अधिक फायदा आहे हे त्याला कळले होते. किनारा मोकळा ठेवायचा आणि त्यातून पैसाही मिळवायचा, याला उत्तर गोल्फ. पेबल बीचचे मैदान त्याच वर्षी खुले झाले. ते पैसे भरणाऱ्या कोणालाही खुले होते, आजही आहे. सायप्रस पॉइंटसाठी मात्र खासगी क्लबाची योजना ठरली आणि ती उभी करायचे काम मोर्सने दिले मॅरियन हॉलिन्स यांना.

हॉलिन्स यांच्यासाठी थोडे थांबले पाहिजे, कारण त्यांच्याविषयी थांबून फारसे कोणी बोलत नाही. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरच्या सधन घरात १८९२ मध्ये जन्म. घोडेस्वारी, पोलो, मोटारींच्या शर्यती, सगळ्यांत पुढे. १९२१ मध्ये अमेरिकेची महिला हौशी गोल्फ स्पर्धा जिंकली. पुरुषांच्या क्लबांत बायकांना मोजक्या वेळी खेळायला मिळे, म्हणून त्यांनी लाँग आयलंडवर केवळ स्त्रियांचा असा गोल्फ क्लब काढला. मोर्सने त्यांना मॉन्टेरेला आणले. सायप्रस पॉइंटची जागा, पैसा, सभासद आणि रचनाकार जमवणे हे सगळे त्यांनी पाहिले. पहिला रचनाकार सेथ रेनर. टोकाजवळच्या एका सुळक्यावर एक होल फार सुंदर होईल, पण मधला समुद्र ओलांडून जाणारा फटका फारच लांब पडेल, अशी हळहळ त्याने व्यक्त केली. हॉलिन्स यांना ते अशक्य वाटले नाही. त्यांनी चेंडू ठेवला आणि मारला. तो पलीकडे जेथे ग्रीन व्हायला हवे होते त्याच्या मध्यभागी जाऊन पडला.

जानेवारी १९२६ मध्ये रेनर वारला आणि काम अॅलिस्टर मॅकेन्झी या डॉक्टरकडे आले. वरची हकीकत मॅकेन्झीनेच लिहून ठेवली आणि या होलचे श्रेय आपले नसून हॉलिन्सबाईंचे आहे असे स्पष्ट म्हटले. ते हस्तलिखित दीर्घकाळ हरवलेले होते. पुस्तकरूपाने ते १९९५ मध्ये आले.

मॅकेन्झी यॉर्कशरमध्ये स्कॉटिश आईबापांच्या पोटी जन्मला, केंब्रिजला वैद्यक शिकला आणि बोअर युद्धात सैन्याचा शल्यचिकित्सक होता. तेथे त्याने पाहिले, की बोअर शेतकरी आपले खंदक आजूबाजूच्या जमिनीत असे मिसळून टाकतात की ब्रिटिशांना ते दिसतच नाहीत. पहिल्या महायुद्धात तो डॉक्टरकी सोडून छद्मावरणाच्या कामावरच गेला. गोल्फचे मैदान आखताना त्याने हीच विद्या वापरली, फक्त थोडी उलटी करून. सैनिकाला धोका लपवायचा असतो. मॅकेन्झी वाळूचा खड्डा, म्हणजे बंकर, खेळाडूला समोरून ठळक दिसेल असा ठेवतो. पण तो माणसाने खणलेला आहे हे लपवतो. त्याच्या बंकरांच्या कडा फाटक्या, वेड्यावाकड्या, मागच्या टेकड्यांची किंवा झाडांच्या शेंड्यांची नक्कल करणाऱ्या. सायप्रस पॉइंटवर खरी पांढरी वाळू आणि घातलेली वाळू यांतला सांधा ओळखू येत नाही. होल खेळून मागे वळून पाहावे तर बरेचसे बंकर गायब झालेले असतात; सलग हिरवळ दिसते.

त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर हा त्याहून चक्रावून टाकणारा माणूस. १९०४ मध्ये अमेरिकेतील गरिबीवर ‘पॉव्हर्टी’ नावाचे गाजलेले पुस्तक लिहिणारा समाजशास्त्रज्ञ तो हाच. तो समाजवादी पक्षाचा सभासद होता आणि कनेटिकट राज्याच्या गव्हर्नरपदासाठी त्या पक्षाचा उमेदवारही होता. नंतर पक्ष सुटला, तो कॅलिफोर्नियात आला आणि १९२६ मध्ये त्याने गोल्फ मैदानांच्या रचनेवर ‘द लिंक्स’ हे पुस्तक लिहिले. गरिबीच्या अभ्यासकाने देशातल्या सर्वांत बंदिस्त मैदानाच्या बांधकामावर देखरेख करावी, यावर कादंबरीकाराने काय लिहिले असते कोण जाणे. वास्तवाने ते सरळ करून टाकले.

मैदानाची वाट मोठी शहाणपणाने आखली आहे. सुरुवातीला खेळाडू पाइनच्या जंगलात शिरतो, मग वाळूच्या टेकड्यांत चढतो-उतरतो, पुन्हा झाडीत येतो. समुद्राचा वास आणि गाज सोबत असते, पण समुद्र जेमतेम दिसतो. चौदा होल संपेपर्यंत त्याला ताटकळत ठेवले आहे. एकूण लांबी सुमारे साडेसहा हजार वार, म्हणजे आजच्या व्यावसायिक स्पर्धांच्या मानाने आखूड. लागोपाठ दोन लांब होल, पुढे लागोपाठ दोन छोटी होल. असले काही पुस्तकी नियमांत बसत नाही. मॅकेन्झीने जमिनीचे ऐकले, नियमाचे नाही.

मग पंधरावे होल: एका घळीवरून मारायचा १४० वारांच्या आतबाहेरचा छोटासा फटका. त्याला लागून सोळावे. येथे टी एका कड्यावर आहे, ग्रीन समोरच्या कड्यावर, आणि मध्ये पॅसिफिक. सुमारे २३० वार अंतर, त्यातले बहुतेक पाण्यावरून. वारा बहुधा तोंडावर. होल तीन फटक्यांत पुरे करणे अपेक्षित आहे. ज्याला धीर होत नाही त्याच्यासाठी डावीकडे जमिनीची एक चिंचोळी पट्टी ठेवली आहे: तेथे चेंडू टाकावा, दुसऱ्या फटक्यात ग्रीन गाठावे, एखादा फटका जास्त लागेल तो मान्य करावा. मॅकेन्झीचे सगळे तत्त्वज्ञान या दोन वाटांत आहे. म्हाताऱ्याला, नवशिक्याला मैदान अडवून ठेवत नाही; फक्त धाडसाची किंमत आणि भित्रेपणाची किंमत वेगवेगळी लावते. १९५० च्या दशकात एड ऑलिव्हर या नामांकित व्यावसायिकाने वादळी वाऱ्यात येथे तिनाच्या जागी सोळा फटके घेतले. दुसरीकडे गायक-नट बिंग क्रॉस्बीने टीवरून मारलेला चेंडू एकाच फटक्यात होलमध्ये घातला. सतरावे होल त्याच कड्यावरून परत फिरते. अठरावे पुन्हा झाडीत. ते सामान्य आहे असे जवळजवळ सगळेच म्हणतात, आणि ते खरे असावे.

मॅकेन्झी १९३४ च्या जानेवारीत वारला. त्याच्या ऑगस्टा येथील मैदानावरची प्रसिद्ध स्पर्धा सुरू व्हायला तेव्हा दोन महिने होते आणि त्या कामाचे पूर्ण पैसेही त्याला मिळालेले नव्हते. हॉलिन्स यांनी तेलाच्या व्यवहारात मोठा पैसा मिळवला आणि सँता क्रूझजवळच्या पासातिएंपो वसाहतीत घातला. तो मंदीत बुडाला. १९३७ मध्ये मोटार अपघात झाला. १९४४ मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्या वारल्या. गोल्फच्या जागतिक ‘हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांचे नाव आले २०२२ मध्ये, टायगर वुड्सच्या बरोबरीने.

टायगर वुड्सच्या उल्लेखाने आपण त्या प्रश्नाकडे येतो ज्याची चर्चा क्लबाच्या भिंतीआड राहू शकली नाही. अमेरिकेतील व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघटनेच्या घटनेत केवळ गोऱ्यांनाच सभासदत्व देणारे कलम १९६१ पर्यंत होते. ते निघाले ते कॅलिफोर्नियाचे महाधिवक्ता स्टॅन्ली मॉस्क यांच्या दडपणामुळे. चार्ली सिफर्ड या कृष्णवर्णीय खेळाडूची बाजू त्यांनी लावून धरली होती. पण कलम होते संघटनेचे. क्लबांचे काय? खासगी क्लबाला असे कलम लिहावेच लागत नाही. बोलावणे न पाठवणे पुरते. १९९० मध्ये अलाबामातील शोल क्रीक क्लबाच्या संस्थापकाने, आपण काळ्यांना सभासद करत नाही, हे वर्तमानपत्राला उघड सांगितले आणि तोंडावर आलेली मोठी स्पर्धा अडचणीत आली. जाहिरातदारांनी अंग काढून घेतले. त्यानंतर व्यावसायिक स्पर्धांच्या चालकांनी नियम केला: स्पर्धा भरवणाऱ्या क्लबात भेदभाव चालणार नाही, आणि तो नाही हे सभासदांच्या यादीत दिसले पाहिजे.

सायप्रस पॉइंटवर १९४७ पासून क्रॉस्बीने सुरू केलेली स्पर्धा होत असे. क्लबात तेव्हा एकही कृष्णवर्णीय सभासद नव्हता. क्लबाची भूमिका अशी, की आमच्याकडे भेदभाव नाही, पण प्रतीक्षायादी डावलून आम्ही कोणाला पुढे घेणार नाही. त्याच वर्षी क्लबाने स्पर्धेतून अंग काढून घेतले. शोल क्रीकने घाईघाईने एक सभासद केला; सायप्रस पॉइंटने स्पर्धा सोडली. यात तत्त्वनिष्ठा कोणती आणि ताठा कोणता हे ज्याने त्याने ठरवावे. मला तो ताठा वाटतो, आणि तो परवडण्याजोगा होता. क्लबाला स्पर्धेच्या पैशाची गरज नव्हती. एवढे मात्र झाले, की वर्षातून एकदा तिकीट काढून सोळावे होल पाहता येत असे, तेही पुढे पस्तीस वर्षे जवळपास बंद झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन-आयर्लंड यांच्यातील हौशी खेळाडूंचा ‘वॉकर कप’ येथे झाला तेव्हा प्रेक्षक पुन्हा आत आले. अमेरिकेने तो १७–९ असा जिंकला.

आता दुसरी बाजू. मॉन्टेरे सायप्रस हे झाड निसर्गतः जगात दोनच ठिकाणी उगवते: सायप्रस पॉइंटच्या परिसरात आणि खाडीपलीकडे पॉइंट लोबोस येथे. किनाऱ्याचे भूखंड पाडून बंगले झाले असते तर यांतले एक ठिकाण किती उरले असते याची कल्पना करणे कठीण नाही. थोडे पुढे गेले की तसे बंगले दिसतातच. कड्याखालच्या वाळूवर वसंतात सील माद्या पिल्ले घालतात. पॉइंट लोबोस १९३० च्या दशकात सरकारने घेऊन राखीव केले, आणि तेथे आज कोणीही चालत जाऊ शकतो. म्हणजे ही झाडे वाचवायला क्लबच हवा होता असे नाही. पण क्लबाने ती वाचवली हेही नाकारता येत नाही. पाहणाऱ्यांची संख्या मर्यादित ठेवून निसर्ग राखायचा, एवढ्यापुरते अभयारण्य आणि खासगी क्लब सारखेच वागतात. भेद आहे तो कोणाला थांबवायचे हे कोण ठरवतो यात.

कॅलिफोर्नियाच्या कायद्याने या प्रश्नात एक रेघ आखली आहे, अक्षरशः. सरासरी भरती जेथपर्यंत येते त्या रेषेखालची जमीन लोकांची. सरकार तिचे केवळ विश्वस्त. समुद्र आणि त्याचा किनारा सर्वांचा, हा रोमन कायद्यातून आलेला जुना विचार त्यामागे आहे. १९७२ मध्ये सार्वमताने आणि १९७६ मध्ये कायद्याने किनारा आयोग नेमला गेला आणि किनाऱ्यालगतच्या बांधकामावर त्याची परवानगी लागू झाली. सोळाव्या होलवर चेंडू चुकला की तो या सार्वजनिक जमिनीत जातो, आणि खेळाडूचा सभासदक्रमांक तेथे काही कामाचा नसतो. याच विश्वस्ताच्या सिद्धान्तावर कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये मोनो सरोवराचा निकाल दिला. आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये बियास नदीकाठच्या हॉटेलसंबंधीच्या एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ खटल्यात तो सिद्धान्त भारतात आणताना मोनो सरोवराच्या निकालाचा आधार घेतला. नदीकाठ, तळे, पुळण यांविषयी आपल्याकडची माणसे न्यायालयात जातात तेव्हा त्यांच्या हातातल्या युक्तिवादाचा एक धागा कॅलिफोर्नियापर्यंत जातो. गोव्याच्या उत्तर टोकाला तेरेखोल येथे कुळांनी आणि गावकऱ्यांनी गोल्फ रिसॉर्टच्या प्रस्तावाशी दीर्घ झगडा केला, त्याची पार्श्वभूमी कूळकायद्याची असली तरी खाली प्रश्न हाच होता.

मॉन्टेरेच्या जंगलात आणखी एक गोल्फ मैदान काढण्याची पेबल बीच कंपनीची योजना २००७ मध्ये किनारा आयोगाने फेटाळली. हजारो मॉन्टेरे पाइन तोडावे लागणार होते. विशेष म्हणजे या योजनेला वाट करून देणाऱ्या प्रस्तावाला जिल्ह्याच्या मतदारांनी २००० मध्ये कौल दिलेला होता. २०१२ मध्ये सुधारित योजना मंजूर झाली, तिच्यात नवे मैदान नव्हते आणि ६३५ एकर जंगल कायमचे राखून ठेवले गेले.

राहता राहिले पाणी. या द्वीपकल्पाला बाहेरून पाणी येत नाही; सारी भिस्त कार्मेल नदी आणि जमिनीखालच्या साठ्यावर. नदीत स्टीलहेड ट्राउट हे समुद्रातून परतून अंडी घालणारे मासे. १९९५ मध्ये राज्याच्या जलमंडळाने निर्णय दिला, की पाणीपुरवठा करणारी कंपनी आपल्या हक्कापेक्षा कितीतरी जास्त पाणी नदीतून उचलते आहे. २००९ मध्ये नव्या नळजोडण्या थांबवण्यात आल्या. अशा प्रदेशात गोल्फची हिरवळ पिण्याच्या पाण्यावर ठेवणे लाजिरवाणे होते, आणि १९९४ पासूनच सांडपाणी शुद्ध करून ते सायप्रस पॉइंटसह जंगलातल्या सर्व मैदानांना देण्याचा प्रकल्प सुरू झाला. पण त्या पाण्यात क्षार, विशेषतः सोडियम, जास्त. ग्रीनवरचे नाजूक गवत करपू लागले. क्षार धुऊन काढायला मध्येमध्ये पिण्याचे पाणी सोडावे लागे. अखेर सूक्ष्म गाळणी आणि रिव्हर्स ऑस्मोसिस बसवले, जंगलातला फॉरेस्ट लेक हा जुना जलाशय हिवाळ्याचे शुद्ध केलेले पाणी उन्हाळ्यासाठी साठवायला दुरुस्त केला, आणि गेल्या दीड दशकात पिण्याचे पाणी मैदानांवर जाणे थांबले. घराघरांतले सांडपाणी आज जगातल्या सर्वांत देखण्या हिरवळीवर पडते.

या प्रकल्पाची आर्थिक हमी पेबल बीच कंपनीने घेतली होती. नदीतले पाणी वाचवल्याच्या मोबदल्यात तिला जंगलाच्या हद्दीतील नव्या बांधकामासाठी पिण्याच्या पाण्याचा ठरावीक हिस्सा मिळाला. त्यातला काही भाग तिने तेथील भूखंडधारकांना विकून पुढच्या दुरुस्तीचा खर्च भागवला. त्यामुळे जंगलात ज्याची जागा आहे त्याला पैसे मोजून घर वाढवता येते, नवे स्नानघर काढता येते. टेकडीपलीकडे, ज्याची गावकी १८५९ मध्ये लिलावात गेली त्या मॉन्टेरे गावात, रिकाम्या भूखंडाच्या मालकाला मीटर मिळण्यासाठी यादीत नाव लावून थांबावे लागले.